चाळीस मिनिटं गाडीला हात लावू नये

नागपूरजवळ वाडीला अमरावती रोड सोडून आत वळलं की ट्रान्सपोर्टची गोदामं लागतात. ती संपतात तिथे एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली टिनाचं शेड. शेडवर दुकानाचं नाव नव्हतं. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी होती: 'घाई असेल तर पुढे दुकान आहे.' पुढे खरंच दुकान होतं. तिथे दहा मिनिटांत नवी बॅटरी बसवून मिळायची. घाईचे लोक तिकडे जायचे आणि पंधरा-वीस दिवसांनी नवी बॅटरी उतरली की मागे वळून पाटीखाली येऊन उभे राहायचे. काका फक्त पाटीकडे एकदा बघायचे.

त्यांना सगळे काकाच म्हणत. नाव मला ठाऊक आहे, पण त्यांनी पाटीवर लिहिलं नाही ते मी कशाला लिहू.

काम ते एकच करायचे. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत असेल तर ती कशामुळे उतरते ते शोधून द्यायचं. हेडलाइट बसवा, भोंगा लावा, असली कामं घेत नसत. गाडी बंद केली, चावी काढली, दारं लावली तरी आत थोडा करंट चालूच असतो. घड्याळाला लागतो, दारांच्या लॉकचा जो डबा असतो त्याला लागतो. तो इतका थोडा असतो की महिनाभर गाडी उभी राहिली तरी बिघडत नाही. पण आतली एखादी वस्तू झोपायची विसरली, तर दोन-तीन दिवसांत बॅटरी रिकामी होते. ही विसरलेली वस्तू शोधायला बाकीचे लोक वायरी ओढायचे, डॅशबोर्ड उचकायचे. काका गाडीला झोपवायचे.

म्हणजे काय, तर बॅटरीची काळी वायर काढायची, आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये पार्किंग लाइटचा एक छोटा बल्ब जोडायचा. गाडी जेवढा करंट ओढेल तेवढा बल्ब पेटणार. सुरुवातीला तो लख्ख पेटायचा, कारण गाडी नुकतीच बंद केलेली असायची. मग खुर्ची टाकून बसायचं. हळूहळू बल्ब लाल व्हायचा आणि विझायचा. विझला तर गाडी झोपली. नाही विझला तर आत कोणीतरी जागं आहे. मग एकेक फ्यूज काढून, धुतलेल्या टॉवेलवर ओळीने मांडत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वाटेवर तो जागा असलेला सापडणार. या झोपण्याला काकांच्या हिशेबाने चाळीस मिनिटं लागायची. कडुनिंबाच्या खोडाला एक भिंतीवरचं घड्याळ ठोकलेलं होतं. त्या चाळीस मिनिटांत गाडीला कोणी हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही, बॉनेटवर टेकायचं नाही. 'गाडी झोपली आहे' असं लिहिलेली एक लाकडी फळी ते टपावर ठेवायचे. समोरच्या गोदामातले ट्रक ड्रायव्हर ती फळी दिसली की भोंगा न वाजवता जायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नागपुरात दुसऱ्या कोणासाठी मी ट्रक ड्रायव्हरला भोंगा आवरताना पाहिलं नाही.

त्यांचा शर्ट कायम पांढरा, पूर्ण बाह्यांचा. या धंद्यात पांढरा शर्ट राहत नाही, पण त्यांचा राहायचा, कारण दिवसातला बराच वेळ ते खुर्चीवर बसलेले असायचे. बॅटरीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, मनगटावरचं घड्याळ काढून खिळ्याला अडकवायचे. गिऱ्हाइकालाही अंगठ्या उतरवायला लावायचे. बॅटरीवर धातू टेकला तर बोट भाजतं, हे खरं आहे. पण दहा फूट लांब बसलेल्या माणसाच्या अंगठ्याही ते उतरवायचे. इतवारीचे एक सराफ आठ अंगठ्या घालून आले होते. म्हणाले, या ग्रहांच्या आहेत, निघत नाहीत. काकांनी त्यांना पुढचं दुकान दाखवलं. दुसऱ्या दिवशी सराफ दोनच अंगठ्या घालून आले. काकांनी त्याही उतरवल्या.

"गाडीतून जे घ्यायचं ते आताच घ्या," असं ते सुरुवातीला एकदा सांगायचे. दुसऱ्यांदा सांगत नसत. एक मोठे वकील होते. अडतिसाव्या मिनिटाला त्यांनी मोबाइलचा चार्जर घ्यायला दार उघडलं. बल्ब परत लख्ख. काका उठले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आता पुढची तारीख." आणि चाळीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

या वेळात गप्पा मारायला बंदी नव्हती, पण विषय त्यांच्या पसंतीचा लागायचा. त्यांना झोपेशिवाय कशातच रस नव्हता. तुम्हाला किती तास झोप येते, उशी घेता का, दुपारी पडता का, असं ते प्रत्येकाला विचारायचे आणि लक्षात ठेवायचे. वाडीत कोणाला झोप येत नाही याची त्यांच्याइतकी खबर डॉक्टरलाही नसेल. कोराडीच्या पॉवर स्टेशनात शिफ्टमध्ये काम करणारा एक जण तर गाडी नीट झाल्यावरही यायचा. बल्ब विझेपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघत बसायचा आणि खुर्चीतच डुलकी काढायचा. त्याला काका उठवत नसत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी गाडीचं नाव विचारलं नाही. "शिक्षण किती?" विचारलं.

माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी लपवत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. इथे तर विचारलंच होतं. मी म्हटलं, बीएस्सी, फिजिक्स, पहिल्या वर्गात. एका खाजगी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. वीज हाच माझा विषय.

"मंग येळ लागन," काका म्हणाले.

मी विचारलं, काहून?

"शिकलेल्या माणसानं आंधी गाडीले हात लावलेला राह्यते. तो काढाले येळ लागते."

राग आला मला. पण हात लावलेला होता हे खरं होतं.

आता गाडीचं सांगतो. गाडी सतरा वर्षांची होती. एका रिटायर डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी तिला कधीकाळी अलार्म बसवला होता आणि नंतर त्याचा भोंगा काढून टाकला होता, कारण तो कबुतरांवरही वाजायचा. म्हणजे अलार्मचा डबा आत होता, आवाज नव्हता. चारही दारं आपापल्या मताने बसायची. पण इंजिन चांगलं होतं, आणि मला गाडी हवी होती ती एकाच कारणासाठी. मला माझ्या बाबांना तिच्यात बसवायचं होतं.

बाबांनी इतवारीत धान्याच्या बाजारात सगळा जन्म हमाली केली. पोती उचलली, तीही अशी की उतरवताना आवाज होत नसे. माझं शिक्षण त्या पाठीवर झालं, हे वाक्य मी निरोप समारंभात दरवर्षी बोलतो आणि ते खरं आहे. पहिल्या रविवारी मी मागचं डावं दार उघडून धरलं, बाबांना बसवलं, दार मीच लावलं. ही माझी हौस होती. घरी आल्यावर मी दार उघडायला फिरून येईपर्यंत बाबा उतरलेले असायचे. दार त्यांनीच लावलेलं असायचं.

कॉलेजला मी मोटरसायकलने जायचो. गाडी रविवारी निघायची, नंतर एकदम बुधवारी, बायकोच्या कामासाठी. त्या बुधवारी गाडी चालू झाली नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल लावून केली. पुढच्या आठवड्यात तेच. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. मग मी शास्त्रीय पद्धतीने सुरुवात केली. करंट वाचवावा म्हणून छतातल्या दिव्याचा बल्ब तर गाडी घेतली त्याच दिवशी काढून ठेवला होता. लॅबमधला मीटर आणून लावला. आकडा फार मोठा आला, म्हणून दोन दिवस अल्टरनेटरवर संशय घेतला. मीटर वाचताना मी पुढचं दार उघडं ठेवून एक पाय आत टाकून बसलो होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे गाडी जागी ठेवून मी तिला झोप का येत नाही ते मोजत होतो.

मग मी वही केली. कोणत्या रविवारी कुठे गेलो, कोण बसलं, बुधवारी काय झालं. अकरा आठवडे लिहिलं. अकराव्या आठवड्यात बाबा, वहीकडे न बघता, चहा पिताना म्हणाले, "मी बसलो का गाडी बंद पडते."

आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. अपशकुन, पायगुण हे शब्द आमच्या घरात चालत नाहीत, आणि ते न चालवण्याबद्दल सगळ्यांत कडक बाबाच. मी त्यांना तेच म्हटलं. तर म्हणाले, "मी मानत नाही. पण पाहून राहिलो." आई आतून म्हणाली की तिच्या सासूनेही लग्नात यांच्या पायाबद्दल काहीतरी म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "तुह्या पायाबद्दल म्हटलं होतं वं."

मी वही उघडली. सात रविवारी बाबा होते. सातही बुधवारी गाडी बंद. चार रविवारी बाबा नव्हते. चारही बुधवारी गाडी पहिल्या चावीला चालू. मी विज्ञान शिकवतो. सातपैकी सात याला योगायोग म्हणायला मला जड गेलं. त्यानंतर बाबा गाडीत बसले नाहीत. रविवारी आम्ही मावशीकडे गाडीने जायचो आणि बाबा बसने यायचे. आमच्या आधी पोचायचे आणि फाटकापाशी उभे राहायचे, गाडी बघत. बुधवारी गाडी चालू व्हायची. ती चालू झाली की मला रडू यायचं, असं लिहिलं तर खोटं होईल. राग यायचा. बाबा बसणार नसतील तर ती गाडी माझ्या काय कामाची होती?

एवढं सगळं घेऊन मी काकांकडे गेलो होतो. पण यातलं बाबांचं सोडून बाकी सांगितलं.

काकांनी बल्ब जोडला, फळी ठेवली, घड्याळ पाहिलं. मी त्यांना म्हटलं की बल्बपेक्षा मीटर बरा, नेमका आकडा मिळतो. ते म्हणाले, "मीटर किती ते सांगते. मले कोण ते पाह्यजे." मग माझ्या झोपेची चौकशी झाली. सदतिसाव्या मिनिटाला बल्ब विझला. पूर्ण विझला. काकांनी हाताचा आडोसा करून पाहिलं, मग मलाही पाहायला लावलं.

"गाडी साफ आहे," म्हणाले. "कोणी जागं नाही. घरी न्या."

मी म्हटलं, साफ कशी असेल? सात वेळा बंद पडली. आणि तावातावात वही दाखवली. काकांनी चष्मा लावला आणि पानापानावर बोट ठेवत वाचलं. एका रकान्यापाशी थांबले. तिथे मी नुसतं 'बा' लिहिलं होतं आणि पुढे टिक केली होती.

"हे बा म्हणजे?"

सांगावं लागलं. सांगताना मी दोनदा म्हटलं की आम्ही असलं काही मानत नाही, मी पदवीधर आहे, वडील स्वतः मानत नाहीत. काका हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली.

"म्हाताऱ्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याच्याच्यानं बॅटरी उतरते. आता काहून, ते पाहू. रविवारी घरचे सगळे घेऊन या. जे जे या गाडीत बसते ते सगळे. आणि डबा आणा, दिवस जाईन."

त्या वेळी मला हा माणूस वेडा वाटला. नंतर कळलं की त्याआधी त्यांनी एका ठेकेदाराची गाडी अशीच पकडली होती. गाडी झोपली की पाच मिनिटांत परत उठायची. सगळे फ्यूज काढून झाले, काही सापडेना. मग काकांनी गाडीकडे बघायचं सोडून ठेकेदाराकडे बघायला सुरुवात केली. त्याला खिशात हात घालून रिमोटचं बटन कुरवाळायची सवय होती. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या चाव्या ते स्टीलच्या डब्यात ठेवून डबा शेडच्या मागे टांगायचे. त्यांचं एक वाक्य होतं: "गाडीले बाहेरचा कोणी लुटत नाही. घरचाच कोणी जागा राह्यते." मला ते वाक्य फ्यूजबद्दल वाटायचं.

रविवारी आई, बायको आणि मी गाडीने गेलो. बाबा बसने आले. वाडीच्या स्टॉपवरून चालत येताना त्यांनी काकांची पाटी उभं राहून वाचली आणि मान हलवली. त्यांना पटली असावी.

काकांनी सगळ्यांची झोप विचारून घेतली. मग नियम सांगितला. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या जागी बसायचं, उतरायचं, घरी लावतो तसं दार लावायचं आणि येऊन कडुनिंबाखालच्या बाजेवर बसायचं. मग चाळीस मिनिटं. मग पुढचा माणूस. "मुद्दाम काही करू नका. फोटो काढाले आल्यावानी करू नका."

पहिला मी. बल्ब विझला. मग बायको, तीही विझवून आली. मग आईने दार असं लावलं की टपावरची फळी खाली पडली. काकांनी फळी उचलून परत ठेवली आणि म्हणाले, असंच लावत जा बाई, गाडीले समजते. बल्ब विझला. मधे आम्ही जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी आणि आईने आणलेला ठेचा. काका आमच्यात जेवले, पण घड्याळाकडे तोंड करून.

बाबांची पाळी शेवटी आली. ते उठेनात. चालू तर नाही करायची ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. काकांनी चावीचा डबा लांबून दाखवला. मग बाबा चप्पल झटकून मागच्या डाव्या सीटवर बसले. किती महिन्यांनी बसले होते. हात मांडीवर ठेवून, समोरच्या सीटला गुडघा लागू न देता. मग उतरले, वळले, एक हात कडीवर आणि दुसरा काचेखाली सपाट ठेवला आणि दार नेऊन टेकवलं. भरलेलं पोतं काट्यावर ठेवताना काटा उडू नये म्हणून जसं ठेवतात, अगदी तसं. 'टिक' असा एकच आवाज आला. दार लागलं. निदान लागल्यासारखं दिसलं. त्या गाडीचं एक दार बोटभर बाहेर दिसलं तरी ते वेगळं दिसत नसे.

बल्ब लख्ख होता. मग लाल झाला. आणि लालच राहिला.

वीस मिनिटं झाली, तीस झाली. आई पदराने डबे पुसत होती, जे पुसून झाले होते. चाळीस झाल्यावर काकांनी आडोसा करून पाहिलं, पण आडोशाची गरज नव्हती. कडुनिंबाच्या सावलीत तो लाल ठिपका आम्हा सगळ्यांना दिसत होता.

बाबा बाजेवरून उठले. "पाहा," ते मला म्हणाले. रागाने नाही, उत्तर बरोबर आल्यावर मास्तरला सांगावं तसं. मग काकांना हात जोडले आणि स्टॉपकडे निघाले.

मला तोवर कळलं होतं. उशिरा कळलं, पण कळलं. दार पहिल्याच खटक्यावर अडकलं होतं, दुसऱ्यावर गेलंच नव्हतं. दार लागलं की दबणारं चौकटीतलं बटन दाबलं गेलं नव्हतं आणि गाडीला वाटत होतं की दार उघडं आहे. लॉकचा डबा, मुक्या अलार्मचा डबा, दारातला, पायाशी उजेड टाकणारा दिवा, सगळे जागे. छतातला दिवा पेटता राहिला असता तर पहिल्याच रविवारी दिसलं असतं. त्याचा बल्ब मी शास्त्रीय पद्धतीने काढून ठेवला होता. आणि दर बुधवारी मागच्या सीटवरची जंपर केबल काढायला मी तेच दार उघडायचो आणि दाणकन लावायचो. म्हणजे पुरावाही मीच पुसत होतो.

मी बाबांना हाक मारणार होतो, की बाबा, काही नाही, दार जरा जोरात लावत जा. तोंड उघडलंही होतं.

"भाऊ," काका माझ्याआधी बोलले, बाबांना. "दार मोठं छान लावता. या वाडीत असं दार लावणारा पाहिला नाही. कोणं शिकवलं?"

बाबा थांबले. परत आले आणि बाजेच्या टोकावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तरुणपणी एका दुकानाच्या मालकाने त्यांना साखरेची दोन पोती घेऊन आपल्या मोटारीतून कुठेतरी पाठवलं होतं. मोटारीत बसायची पहिलीच वेळ. उतरल्यावर बाबांनी दार ट्रकच्या मागच्या फाळक्यासारखं दाणकन लावलं. मालकाने त्यांना थांबवलं, भर बाजारात, आणि दार पुन्हा उघडून पुन्हा लावायला लावलं. मग पुन्हा. बाजूच्या दुकानातले लोक बाहेर येऊन मोजत होते. "वीस झाले तवा म्हणाला, आता जमलं," बाबा म्हणाले. "तवापासून जमते."

गोष्ट संपली असं समजून त्यांनी काकांकडे पाणी मागितलं.

काकांनी पाणी दिलं. मग दाराशी गेले, चौकटीतल्या बटनावर बोट ठेवलं, दोनदा दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बटन आखूड आहे. सतरा वर्षांत घासलं. दार कसं बी लावा, ते दबत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हात धुऊन या."

माझे हात स्वच्छ होते. मी गेलो. थोड्या वेळाने तेही नळाशी आले. मी हळू आवाजात म्हटलं, काका, बटन ठीक आहे. दार थोडं जोरात लावलं असतं तर...

"कोणाले सांगता? त्याले?" ते साबण लावत होते. "भर बाजारात एकानं शिकवलं तेवढं पुरे झालं. आता तुम्ही शिकवान?"

मी त्यांच्यासाठी नळ सोडला.

"बटन आखूड आहे," काका म्हणाले. "शिकलेले आहा, ध्यानात ठेवा."

मग त्यांनी दाराच्या खटक्यात तेल सोडलं. चौकटीवरच्या कडीचे दोन स्क्रू सैल करून ती केसभर बाहेर घेतली आणि घट्ट केली. जुन्या रबरी स्लीपरचा नखाएवढा तुकडा कापून दारावर, बटन जिथे टेकतं तिथे, चिकटवला. हे करायला दहा मिनिटं लागली असतील. एवढ्या वेळात घाईच्या दुकानात नवी बॅटरी बसली असती. बाबांना परत बसवलं, परत उतरवलं. बाबांनी दार टेकवलं, जसं आधी टेकवलं होतं तसंच. या वेळी 'टिक' आला आणि त्याच्या मागे, अगदी हलका, दुसरा 'टिक' आला.

चौतीस मिनिटांत बल्ब विझला.

"पाहा," काका बाबांना म्हणाले. बाबांनी वाकून बल्बकडे पाहिलं, बराच वेळ. मग विचारलं, बटनच होतं का? काका म्हणाले, बटनच. बाबा म्हणाले, मंग ठीक आहे.

परत येताना बाबा गाडीत होते. आई म्हणाली, बसचा पास फुकट गेला. बाबा म्हणाले, चूप बस वं, गाडी चालू आहे.

पुढे आठवडाभर मला चैन पडेना. कॉलेजातून व्हर्नियर कॅलिपर घरी आणला आणि चारही दारांची बटनं मोजली. चारही सारखी निघाली. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक नव्हता. मी वही उघडली, कारणाच्या रकान्यात 'बटन आखूड' लिहिलं आणि कॅलिपर नेऊन लॅबच्या कपाटात ठेवला. आयुष्यात एवढं एकच निरीक्षण मी खोटं लिहिलं आहे.

काकांकडे नंतरही जात राहिलो, गाडी न घेता. आताच्या नव्या गाड्यांवर त्यांचा राग होता. त्या पूर्ण झोपतच नाहीत, मोबाइलसारख्या एक डोळा उघडा ठेवून पडतात, असं म्हणायचे. तरी त्यांनाही ते चाळीस मिनिटं द्यायचे, वर दहा. दोन वर्षांपूर्वी काका गेले. शेड निघालं, झाड आहे. पाटी शेजारच्या गोदामवाल्याने आपल्या फाटकाच्या भोकावर मारली आहे, अक्षरं आतल्या बाजूला. पुढचं दुकान चालू आहे.

गेल्या महिन्यात गाडी एका नव्या गॅरेजमध्ये नेली होती, ब्रेकसाठी. बाबा मागे बसलेले. आता त्यांना उतरायला वेळ लागतो, म्हणून मी त्यांना उतरवलं नव्हतं, नुसतं दार उघडून ठेवलं होतं. मेकॅनिक चांगला होता, शिकलेला, आयटीआयवाला. त्याला दारावरचा तो रबराचा तुकडा दिसला.

"सर, हे चपलेचं काय चिकटवलं कोणी? काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "बटन आखूड आहे."

त्याने बटनावर बोट ठेवलं, दाबलं. मग दुसऱ्या दाराशी जाऊन तिथलं दाबून पाहिलं. "बरोबर तर आहे, सर. सेम टू सेम आहेत."

बाबा आतून माझ्याकडे बघत होते.

"आखूड आहे," मी पुन्हा म्हटलं. "सतरा वर्षांत घासलं."

त्या पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जसं अडाणी माणसाकडे पाहतात. मी काय शिकवतो ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.